मत्तयाचं घर, लूकची गव्हाण

१२ नोव्हेंबर १९९५, रविवार. कोसाड, सुरत.

सूतवाल्या शेठनं ही डायरी जानेवारीत दिली, ती आजवर कपाटावर धूळ खात पडली होती. दहा महिने कोरे सोडून अकराव्यात सुरुवात करणारा शहाणा मीच असेन. शोभा तिच्या अहिराणीत म्हणाली, "आते काय लिखतस? वरीस सरनं." म्हटलं, उरलंय तेवढं लिहितो.

खरं कारण, वेळ आहे. सव्वीस वर्षं साड्यांची डिझाइनं काढली. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं, त्यावरून मागावर नक्षी उठते. दिवाळीनंतर कडोदऱ्याच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याला जेवायची सुट्टी लागत नाही. मला आता फक्त सकाळी बोलावतात. एक वाजता घरी येतो, जेवतो, आडवा होतो, आणि पन्नाशीला पोहोचल्यावर मला दुपारची स्वप्नं पडू लागली आहेत. काल पाहिलं की तापीवर या काठापासून त्या काठापर्यंत एकच साडी पसरली आहे आणि मी तिच्यावरून अनवाणी चालत जोड शोधतोय. जोड म्हणजे नक्षी संपून पुन्हा सुरू होते ती जागा. चांगल्या कारागिराची जोड दिसत नाही. माझी कधीच कुणाला दिसली नाही, हे जरा गर्वानंच लिहितो.

आज दोन घरं सोडून राहणारी लीला आली. ती नवापूरकडची, इथल्या एका प्रसूतिगृहात नर्स आहे. तिचे लोक ख्रिस्ती. वीसेक कुटुंबं रविवारी तिच्या ओट्यावर प्रार्थनेला जमतात. म्हणाली, "मास्तर, नाताळला पोरं नाटक करणार आहेत. मागे लावायला पडदा रंगवून द्या ना. येशूच्या जन्माचा."

मी म्हटलं, मला तुमच्यातलं काय कळतं?

"पुस्तक देते की. दोघांनी लिहिलंय, मत्तय आणि लूक. खुणा घालून ठेवल्यात. वाचा आणि काढा."

दिवाळीपासून मला कुणी काही काढायला सांगितलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

१५ नोव्हेंबर, बुधवार

लीला तिच्या दवाखान्याची कार्डं घेऊन कॉलनीत घरोघर फिरत होती. आमच्याकडे बसून चहा घेत तिनं विचारलं, "मास्तर, लेकरं किती झाली?"

"एक," मी म्हटलं. "नूतन. बारडोलीला दिलीय, आता सातवा सरलाय तिला."

चुलीपाशी बसलेली शोभा म्हणाली, "दोन."

लीलानं पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. मला सांगावं लागलं. नूतनच्या आधी एक मुलगा होता, पण तो पोटातच गेला. शोभा तेव्हा माहेरी होती, अमळनेरजवळ. तार आली तसा मी सुरतेहून धावत निघालो, पण काही उपयोग नव्हता. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता सांगताना जीभ अडखळत नाही. लीलानं कार्डावर काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. बायकांचं हे असंच असतं, पोटात वाढवलं म्हणजे त्या मोजणारच.

१९ नोव्हेंबर, रविवार

बारडोलीला जाऊन आलो. रस्ताभर उसाच्या गाड्या, आणि सगळ्या गावावर मळीचा गोडसर वास. नूतन आता चालताना एक हात कमरेवर ठेवते, अगदी आईसारखा. जावई नितीन साखर कारखान्यात आहे. हंगाम सुरू झाला, त्याला आता होळीपर्यंत सुट्टी नाही.

तोंडावर आपटून आलोय. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. आठव्यात तिला घेऊन यायचं म्हणून दिवस ठरवायला गेलो, तर शोभानं सगळ्यांदेखत सांगितलं, "नूतन आठेच ऱ्हाई. मी काही लई जाऊ नही." नेणार नाही म्हणताच व्याही सखारामपंत माझ्याकडे बघू लागले आणि विहीणबाईंचा, इंदुबाईंचा, चेहरा उतरला. "ताई, आमचं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं. शोभा म्हणाली, काही चुकलं नाही, नितीनराव इथं आहेत म्हणून ती इथं. एवढंच.

बसमध्ये मी चिडलो. लोक म्हणतील, एकुलत्या एका लेकीचं बाळंतपण आईला जड झालं! ती खिडकीतून ऊस पाहत राहिली. त्यात मी लेकीच्या घरचं पाणी पीत नाही, त्यामुळे घसा कोरडा. चिडायलाही ओल लागते हे आज कळलं.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

मत्तय आणि लूक, दोन्ही वाचून झाले. एकदा नव्हे, तीनदा. मला वाटलं होतं, एकच गोष्ट दोघांनी थोड्या फरकानं सांगितली असेल, कीर्तनकार सांगतात तशी. तसं नाही. मी कारागीर माणूस, कागदावर मधोमध रेघ मारली आणि दोन्ही बाजूंना लिहीत गेलो.

मत्तयाकडे आभाळात तारा आहे. पूर्वेकडून ज्ञानी लोक येतात. ते तीन होते असं कुठंही लिहिलेलं नाही, राजे होते असंही नाही. ते येतात घरात. हो, घरात. म्हणजे येशूचे आईबाप, मरीया आणि योसेफ, बेथलेहेमातच राहणारे असावेत. मग हेरोद राजा लहान लेकरं मारायला निघतो आणि हे रातोरात मिसर देशात पळतात. पुढं राजा मेल्यावर परत येऊन नासरेथ गावी बिऱ्हाड करतात.

लूककडे तारा नाही, हेरोदाची कत्तल नाही, मिसर नाही. तिथं ही माणसं मुळात नासरेथची. सरकारनं नावनोंदणी काढली म्हणून बेथलेहेमला जातात, उतरायला जागा मिळत नाही, बाळ गव्हाणीत निजवतात. मेंढपाळ येतात. मग देवळात जाऊन शांतपणे आपल्या गावी परत.

एकात गाव सोडून दुसरीकडे घर करतात, दुसऱ्यात आपल्याच घरी परततात. योसेफाच्या बापाचं नावसुद्धा दोघांकडे वेगळं. आणि बैल, गाढव? कुणाकडेच नाहीत. कॅलेंडरवाल्यांनी आपल्या मनानं बांधलेत.

मला आनंद झाला म्हणायला हरकत नाही. हे जोडणं म्हणजे माझंच काम. तारा वर, मेंढपाळ दारात, घराच्याच एका कोपऱ्यात गव्हाण. जोड कुणाला दिसणार नाही.

२७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी स्वप्न. मी मिसर देशात होतो. म्हणजे ते नंदुरबार स्टेशनच होतं, पण मला ठाऊक होतं की हा मिसर आहे. फलाटावर योसेफ उशाला गाठोडं घेऊन झोपला होता. मी त्याला हलवलं, गाडी येतेय म्हटलं. तो डोळे मिटूनच हसला. मला जाग आली तर खरोखरच लांबून गाडीची शिट्टी येत होती आणि शोभा अंगणात तांदूळ निवडत बसली होती. तिच्या सुपावर ऊन होतं. कितीतरी वेळ मला कळेना, मी कुठल्या गावात आहे.

या योसेफाचा मला हेवा वाटतो. मत्तयाच्या गोष्टीत त्याला चारदा स्वप्नात सांगणं येतं, आणि प्रत्येक वेळी तो उठतो आणि निघतो. उद्या बघू म्हणत नाही. आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे मिळून तो एक शब्द बोलत नाही. मी पुन्हा तपासलं. एकही नाही.

१ डिसेंबर, शुक्रवार

शोभा काल आणि आज बोललेली नाही. दरवर्षी मार्गशीर्षात हिचं असं होतं, दीड-दोन दिवस. काम सगळं करते, फक्त बोलत नाही. मी विचारत नाही. विचारलं नाही की आपोआप सरतं, असा माझा तेवीस वर्षांचा अनुभव आहे.

३ डिसेंबर, रविवार

शोभा कालच बोलती झाली. आज मी पडद्याचा कच्चा नमुना काढत होतो, तिला म्हटलं, तुला वाचता येत नाही, मी वाचून दाखवतो. आधी मत्तयाचं वाचलं. ती पापड लाटत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हाई नवरानं सांगेल शे."

"कशावरून?"

"सगळं त्यालेच दिसस. त्याले सपन पडस, तो उठस, तो लई जास. ती बिचारी काय करस त्याम्हा? आंगवर पोऱ्या लिसन बठेल शे."

मग लूकचं वाचलं. मरीया आपल्या नात्यातल्या बाईकडे तीन महिने जाऊन राहते, बाळाला फडक्यात गुंडाळून ठेवते, ते सगळं. शोभाचं लाटणं थांबलं. "हाई बाईनं सांगेल शे. बाळंत्याचं माणसले काय माहीत?"

पुढं मी वाचलं की मरीयेनं हे सगळं आपल्या मनात जपून ठेवलं. लूक हे दोनदा सांगतो. शोभा म्हणाली, "मनमा ठेवं? मंग लिखणाराले कसं समजनं?"

मी पान उलटून पुन्हा पाहिलं.

"कोणी तरी तिले इचारं व्हई," ती म्हणाली आणि पुन्हा लाटू लागली.

बायको अडाणी असली तरी डोकं चालतं हिचं! एक नवऱ्याचं, एक बायकोचं. लीलाला सांगितलं तर ती हसली, म्हणाली, आमचे पाद्रीसुद्धा हे सांगतात कधी कधी. पडद्याच्या दृष्टीनं मुद्दा फार उपयोगाचा आहे.

१० डिसेंबर, रविवार

लीलाशी उंटांवरून भांडण. मी म्हटलं, पुस्तकात उंट नाहीत. ती म्हणाली, "मास्तर, उंट नसले तर पोरं मला जगू देणार नाहीत. दोन पोरांनी आत्तापासून उंट व्हायचं ठरवलंय." शेवटी लांब, डोंगरामागं, एक कुबड दिसेल इतकं कबूल केलं.

पण खरी पंचाईत दुसरी आहे. जोड बसत नाही. गव्हाणीतलं बाळ त्याच दिवशीचं आहे. घरातलं बाळ मोठं असणार, कारण हेरोद दोन वर्षांच्या आतली लेकरं शोधतोय. एकाच चित्रात एक बाळ दोन वयांचं कसं काढू? ताऱ्याचा उजेड मेंढपाळांवर पडला की ते लूकचे राहत नाहीत. आठ दिवस मी रेघा मारतोय आणि पुसतोय. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

बारडोलीहून निरोप होता. इंदुबाईंनी विचारलंय, शेवटचं सांगा, नूतनला न्यायला येता की नाही? मी शोभाला म्हटलं, मला व्याह्यांना तोंड दाखवायला जागा ठेव. ती म्हणाली, "नवरा जोडे पाहिजे." मी म्हटलं, नवरा काय करणार तिथं, बाहेर बाकावर बसण्याखेरीज? ती माझ्याकडे बघत राहिली. बाहेर पोंक, म्हणजे इथला हुरडा, विकणारा ओरडत होता. त्याला थांबवायला म्हणून ती उठून गेली.

१३ डिसेंबर, बुधवार

सोडून दिलं. जोडायचंच नाही असं ठरवलं. पडदा दोन पन्ह्यांचा आहे, मध्ये शोभानं घातलेली शिवण आहे. डावीकडे मत्तयाचं घर आणि तारा, उजवीकडे लूकची गव्हाण. शिवण दिसेल तर दिसू दे. दोन मरीया, दोन योसेफ, दोन बाळं. असं ठरल्यावर हात भराभर चालू लागला. दुपारी झोपलोही नाही.

१७ डिसेंबर, रविवार

कसं लिहू कळत नाही. पण लिहितो.

दुपारी पडदा भिंतीला लावून शोभाला दाखवला. ती डावीकडे फार थांबली नाही. गव्हाणीसमोर मात्र उभी राहिली. मी बाळ छान काढलंय. गुंडाळलेलं, डोळे मिटलेले, मूठ गालाशी. ती म्हणाली, "डोया उघाडा करा."

म्हटलं, आजचं जन्मलेलं लेकरू झोपलेलंच असतं.

"नही. त्याना उघाडा व्हतात. मन्हाकडेच देखे."

मी विचारलं, "कुणाचे?"

ती माझ्याकडे वळली. मी थट्टा करतोय की काय, असं तिला वाटलं असावं. मग हळूहळू तिला कळलं की मी थट्टा करत नाही. ती खाली बसली. मीही बसलो.

तिनं सांगितलं ते असं. मार्गशीर्ष होता, चंपाषष्ठी होऊन गेली होती. गुरुवारी पहाटे मुलगा झाला. जिवंत. रडला, पण बारीक आवाजात. डोळे उघडे. दूध ओढता येईना, तेव्हा तिनं कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दिलं. दिवस उजाडताच तिनं तिच्या बापाला मला तार करायला लावली. "मी म्हने, तुम्ही सुरतले शेतस, मोठा दवाखाना दखेल शे, काही तरी कर्शात." तो गुरुवारचा दिवस आणि शुक्रवारचा दिवस तिच्या मांडीवर होता. शुक्रवारी दिवस मावळताना गेला. मी शनिवारी सकाळी पोहोचलो.

मला अमळनेर स्टेशनवर माझा भाऊ भटू भेटला होता. तो म्हणाला, दादा, पोटातच गेलं. त्याच्या मनात माझ्यासाठी दयाच असणार. भटूला जाऊन आता सात वर्षं झाली, त्याला विचारायची सोय नाही. घरी गेलो तेव्हा शोभा भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी काही विचारलं नाही. आता तिला जास्त त्रास नको असं मला वाटलं. निदान मी तरी असंच म्हणत आलोय.

"तू मला कधी सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"तुम्हले माहीत शे असंच मी समजे. आणि तुम्ही लोकंस्ले सांगेत, पोटमाच गया. बापच असं म्हणस, तर मी काय बोलू?"

तेवीस वर्षं. मी चारचौघांत तिच्यासमोर सांगत होतो की तिचं लेकरू श्वास न घेता गेलं, आणि ती चहा गाळत ऐकत होती.

१८ डिसेंबर, सोमवार

कामावर गेलो नाही.

आणखी एक लिहायचं राहिलंय. ते शोभाला माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे. तिनं दिवस मोजलेच असणार.

तार गुरुवारी संध्याकाळी माझ्या हातात पडली. त्यात दोनच शब्द होते, लगेच निघा. भुसावळकडे जाणारी गाडी त्याच रात्री होती. पण एका लग्नाच्या साडीचा कागद अर्धा रंगवून झाला होता, आणि मला वाटलं, दिवस भरायला अजून पंधरवडा आहे, सासरची माणसं उगीच घाबरलीत. शुक्रवारी दिवसभर बसून पदर पुरा केला. मोर होते त्यात. शुक्रवारच्या गाडीनं निघालो.

तार आली तसा निघालो, असं मी कायम सांगत आलो. तार आणि निघणं यांच्यामध्ये एक अख्खा दिवस होता, तो मी असा काही बुजवला की मलासुद्धा दिसेनासा झाला. गुरुवारी निघालो असतो तर शुक्रवारी सकाळी पोहोचलो असतो. दिवस मावळेपर्यंत तो माझ्याही मांडीवर असता. त्यानं मला पाहिलं असतं.

संध्याकाळी शोभाला हे सांगितलं. सगळं, मोरांसकट. वाटलं रडेल, भांडेल. ती म्हणाली, "माले माहीत व्हतं." आणि नंतर, "पण तुम्ही सांगं, बरं करं." मी रडलो. तिनं पाणी आणून दिलं. हे काम तेव्हा मी करायला हवं होतं.

१९ डिसेंबर, मंगळवार

दुपारी झोपलो. स्वप्न नाही. उठून गव्हाणीतल्या बाळाचे डोळे पुसले आणि उघडे काढले. शोभा बाजूला उभी राहून सांगत होती, जरा वर, जरा अजून मोठे. तीन वेळा बदलले, तेव्हा ती हो म्हणाली.

२१ डिसेंबर, गुरुवार

एकटा बारडोलीला गेलो. सखारामपंत आणि इंदुबाई दोघांना समोर बसवलं. म्हटलं, नूतन इथंच राहील, कारण नितीनराव इथं आहेत. आणि शोभा इथं येऊन राहील, बाळंतपण तीच करील. तुमची हरकत नसेल तर मीही येईन.

इंदुबाई म्हणाल्या, "लेकीच्या घरी मुक्काम करणार तुम्ही? दादा, लोक काय म्हणतील?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. नेहमीचं नाही, खरं. मुलगा जिवंत जन्मला होता, दीड दिवस जगला होता, त्याच्या आईनं मला बोलावलं होतं, आणि मी साडी पुरी करत बसलो होतो. म्हणून तिला लेकीचा नवरा जवळ हवाय. नूतन दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनंही आजवर दुसरीच गोष्ट ऐकली होती, माझी.

सखारामपंत उठून अंगणात गेले आणि उगीच गाईला चारा टाकत राहिले. इंदुबाईंनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "ताईंना म्हणावं, आजच निघा. माझ्याच खोलीत निजतील त्या."

निघताना नूतननं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी रिकामा करून परत दिला. तिनं तो पुन्हा भरला.

२५ डिसेंबर, सोमवार

पडदा लागला. शोभा बारडोलीत असल्यामुळे तिनं पाहिला नाही. लीलाच्या ओट्यासमोर सगळी कॉलनी जमली होती, आमचे खानदेशवाले, वऱ्हाडवाले, सगळे. उंट झालेली दोन पोरं आपल्या कुबडावर फार खूश होती. एक म्हातारी लीलाला म्हणाली, "दोन बाळं कशी गं? जुळी झाली का?" लोक हसले. लीला म्हणाली, "नाही मावशी, एकच आहे. आई-बापांनी आपापलं सांगितलंय." म्हातारीनं मान हलवली, तिला ते पटलेलं दिसलं.

दिव्यांचा उजेड हलत होता आणि पडद्यावरचे मेंढपाळ चालल्यासारखे वाटत होते. पोरं गात होती. मला डुलकी लागली की नाही ते नक्की सांगता येत नाही, पण काही वेळ मला असं वाटलं की मी गुरुवारच्या गाडीत बसलोय आणि बाहेर उजाडतंय.

२ जानेवारी १९९६, मंगळवार. बारडोली.

पानं संपली. मागच्या कोऱ्या जागेत लिहितोय, जिथं लोक पत्ते लिहितात.

सकाळी साडेदहाला नूतनला मुलगी झाली. दोघी सुखरूप. दवाखान्याच्या ओसरीत आम्ही सगळे उभे होतो. नितीन पाळीवरून तसाच धावत आला होता, कपड्यांना मळीचा वास, चेहरा काळवंडलेला. इंदुबाई म्हणाल्या, आधी बायका आत जातील, पुरुषांनी घाई करू नये, तू घरी जाऊन आंघोळ करून ये. शोभा दारात आडवी उभी राहिली. "नही. पहिले तो." इंदुबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाल्या. नितीन हात धुऊन आत गेला. पडद्यामागून आधी काहीच आवाज आला नाही, मग तो हसला, आणि बाळ रडलं, चांगलं ठणठणीत.

एकेक करून सगळे आत गेले. आम्ही दोघंच बाकावर उरलो. उन्हाची तिरीप शोभाच्या पायांवर आली होती. ती थकली होती, पण तिचा चेहरा इतका मोकळा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. मला एक विचारायचं होतं, पंधरा दिवस विचारायचं होतं, आणि धीर होत नव्हता.

"त्याचं नाव ठेवलं होतंस का?"

ती समोर बघत म्हणाली, "गोपाल."

"कधी ठेवलंस?"

"शुक्रवारना सकाये. बाराव्या दिनपर्यंत तो ऱ्हावाव नही, हाई माले दिसे. खोलीमा आम्ही दोन्हीच व्हतूत. त्याना कानमा सांगं."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कोणले नही. कोणी इचारंच नही."

मी ते नाव मोठ्यानं म्हटलं. ओसरीत जाणाऱ्या-येणाऱ्या एक-दोघांनी वळून पाहिलं, त्यांना वाटलं मी कुणाला हाक मारतोय.

शोभानं डोळे मिटले. म्हणाली, "आजून एक डाव म्हना."